परळच्या शाळेचे संस्थापक कै. विठ्ठल रामजी शिंदे

लासलगावाहून मुंबईस जाणारी गाडी दादर सोडून पुढे निघाली म्हणजे परळचे स्टेशन लागते. त्याच्या शेजारीच, पश्चिमेकडील लोहमार्गावर, एल्फिन्स्टन रोड नावाचे स्टेशन होते; इ. स. २०१८ पासून त्यास प्रभादेवी हे नाव मिळाले आहे. हल्ली त्या भागात कचेऱ्यांचे उंच मनोरे उभे आहेत. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी तेथे कापसाच्या गिरण्यांची धुराडी होती, आणि त्या धुराड्यांच्या छायेत, चाळींतून व झोपड्यांतून, नाशिक, नगर, पुणे, सातारा, रत्नागिरी इत्यादी जिल्ह्यांतून पोट भरावयास गेलेली हजारो कुटुंबे राहत असत. ज्यांस लोक त्या काळी अस्पृश्य म्हणत, अशांचीही त्यांत मोठी वस्ती होती. गाव सोडले म्हणून गावकूस सुटले असे मात्र झाले नव्हते. गिरणीत सुद्धा कापड विणण्याच्या खात्यात त्यांस घेत नसत. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तो त्यांच्या तोंडाने विटाळेल अशी इतर विणकऱ्यांची समजूत होती. सूत काढण्याच्या खात्यात, जेथे मजुरी कमी, तेथे त्यांस जागा असे. अशा लोकांच्या मुलांकरिता ज्या पुरुषाने परळास शाळा काढली व आपले सर्व घरदार तिच्या पायी वाहिले, त्या कै. विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

शिंदे यांचा जन्म इ. स. १८७३ च्या एप्रिल महिन्याच्या २३ व्या तारखेस जमखंडी येथे झाला. जमखंडी हे त्या वेळी पटवर्धनांचे एक लहानसे संस्थान होते. हल्ली ते कर्नाटकात मोडते. घराणे मराठ्याचे, भाषा मराठी, पण शेजारी कानडी. वडील रामजीबाबा यांच्या घरी वारकरी पंथाची भक्ती चालत असे, व साधुसंतांचे येणेजाणे असे. पुढे घरास गरिबी आली. विठ्ठलरावांचे लग्न त्या काळच्या चालीप्रमाणे अगदी लहानपणीच झाले. १८९१ साली ते मॅट्रिकची परीक्षा उतरले व काही दिवस गावच्याच शाळेत शिक्षक झाले. पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात जाण्यास पैसा नव्हता. तो त्यांस मराठा विद्यार्थ्यांस मदत करणाऱ्या एका संस्थेकडून व बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या आश्रयाने मिळाला. दुसऱ्याच्या मदतीवाचून आपणास एक इयत्ताही पुढे जाता आले नसते, ह्याची जाणीव ज्यास असते त्याच्या हातून पुढे दुसऱ्यांच्या मुलांसाठी काही घडण्याचा संभव अधिक, असे आमच्या पाहण्यात आहे.

त्यांच्या घरातील एका दुःखाचा येथे उल्लेख केला पाहिजे. त्यांची धाकटी बहीण जनाबाई, जिला सर्व जनाक्का म्हणत, तिचेही लग्न बालपणी झाले होते, आणि सासरी तिचा छळ झाला. भावाने तिला परत आणले, इतकेच नव्हे तर पुण्यास नेऊन शाळेत घातले. नवऱ्याने टाकलेल्या मुलीस शिकवावयाचे, हे त्या वेळी मराठा कुळात किती अवघड होते हे खेड्यात राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. ह्या जनाक्काचे नाव पुढे पुन्हा येईल.

१८९८ साली शिंदे बी. ए. झाले. कायद्याचा अभ्यास त्यांनी आरंभिला, परंतु तो अर्धवट सोडला, कारण मुंबईस प्रार्थनासमाजाशी त्यांचा संबंध आला होता. ही मंडळी एकाच परमेश्वराची मूर्तीवाचून उपासना करणारी व जातिभेद न मानणारी, निदान न मानण्याची इच्छा धरणारी होती. समाजाच्या धर्मप्रचारकाचे काम पत्करावयाचे ठरवून शिंदे १९०१ साली विलायतेस गेले, व ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे राहून त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा तुलनेने अभ्यास केला. तेथील युनिटेरियन मंडळींनी त्यांस शिष्यवृत्ती दिली होती. १९०३ साली हॉलंडात अॅम्स्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्माच्या परिषदेत निबंध वाचून ते स्वदेशी परत आले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर मोठ्या शहरातील सुशिक्षित श्रोत्यांपुढे व्याख्याने देण्यात त्याने संतोष मानला असता, आणि त्यास कोणी दोषही दिला नसता.

परंतु १९०५ साली प्रचाराच्या निमित्ताने ते नगरास गेले असता, शहरालगतच्या भिंगार गावी अस्पृश्य बंधूंची रात्री सभा होती, तीस ते गेले. तेथे त्या लोकांची हकीकत त्यांनी ऐकली, आणि ती ऐकून त्यांचे मन स्वस्थ राहिले नाही. आपले उर्वरित आयुष्य ह्या लोकांच्या कामी लावावे असा निश्चय त्यांचा तेथे झाला. आमच्या मंडळ्यांतील वृद्ध मनुष्यांस नगर व भिंगार ही नावे परकी नाहीत. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून शाळा चालविल्या होत्या; मिस सिंथिया फरार यांनी तेथील मुली शिकवून १८६२ साली तेथेच देह ठेविला होता. म्हणजे शिंदे भिंगारास आले त्याच्या पुष्कळ आधीपासून त्या मुलखात महारामांगांच्या मुलांच्या हाती पाटी आली होती. शिंदे यांस हे ठाऊक होते, व आपल्या संस्थेसही त्यांनी मिशन हाच शब्द लाविला. ख्रिस्ती लोक हे काम करितात, मग आपण हिंदी लोकांनी ते का करू नये, हा प्रश्न त्यांनी आपल्या देशबांधवांस उघडपणे घातला. त्यांचा उद्देश आमच्या मिशनचा नव्हता, व ते ख्रिस्ती झाले नाहीत, हे आम्ही येथेच सांगून टाकितो. काही उपदेशक बंधू हे नाव ऐकताच तो प्रश्न प्रथम विचारतात. चांगले काम कोणी केले हे पाहण्याच्या आधी ते चांगले झाले की नाही हे पाहावे.

१९०६ च्या ऑक्टोबरच्या १८ व्या तारखेस, दिवाळीच्या दिवसांत, परळ येथे मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात शाळा उघडण्यात आली. प्रार्थनासमाजाचे अध्यक्ष सर नारायण चंदावरकर हे उघडण्यास आले होते. शेट दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभास १,००० रुपये दिले. मंडळीचे इंग्रजी नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन व मराठी नाव निराश्रित साहाय्यकारी मंडळी असे ठेविले.

आता ही शाळा चालविणे म्हणजे काय होते ह्याचा आम्ही थोडा विस्तार करितो. सरकारी शाळेचे दार जातीमुळे कोणास बंद नाही असे कागदावर पुष्कळ वर्षांपूर्वीच ठरले होते. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलास सरकारी शाळेत घेण्याचे नाकारले, तेव्हा तो तंटा थेट सरकारपर्यंत गेला होता. तत्त्व मान्य झाले. परंतु व्यवहारात मूल शाळेत गेले तर ओट्यावर किंवा दाराबाहेर बसावयाचे, पाटी दुरून दाखवावयाची, आणि तहान लागली तर घर गाठावयाचे. हे एक झाले. दुसरी अडचण पोटाची. १८९१ च्या कायद्याप्रमाणे नऊ वर्षांचे मूल गिरणीत कामास लावण्यास मोकळीक होती. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांकडून दिवसास सात तासांपर्यंत काम घेता येत असे. ज्या घरात आई व बाप दोघेही भोंग्याबरोबर बाहेर पडतात, त्या घरात नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे मिळवता गडी, आणि आठ वर्षांची मुलगी म्हणजे घरात राहणाऱ्या तान्ह्या मुलाची आई. अशा आईबापांस विद्येचे महत्त्व सांगून भागत नाही. ते त्यांस कळत नाही असे नव्हे. परंतु शाळेत गेलेल्या मुलाची मजुरी कोठून भरून काढावयाची, व तान्हे मूल कोणाच्या हाती द्यावयाचे, ह्याचे उत्तर व्याख्यानात नसते.

लासलगावच्या कांद्याच्या बाजारात ज्यांचे जाणे आहे त्यांनी हाच प्रकार निराळ्या रूपाने पाहिला असेल. आशिया खंडातील मोठ्या कांदाबाजारांत ज्याची गणना होते अशा ह्या पेठेत हंगामाच्या दिवसांत निवडणीसाठी, गोण्या भरण्यासाठी व हमालीसाठी बाहेरून माणसे येतात. त्यांची मुले ढिगांच्या आडोशाला खेळत असतात, किंवा आईच्या बरोबरीने कांदा निवडीत असतात. कायदा १९०६ सालचा राहिला नाही; २०१० सालच्या १ एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तरी हंगाम संपून कुटुंब दुसरीकडे गेले की हजेरीपटावरील नाव तेवढे मागे राहते. शहर लहान असो की मोठे, गरिबाच्या मुलाची शाळा त्याच्या आईबापाच्या रोजमुऱ्यापाशी येऊन अडते.

शिंदे यांनी ही गाठ नुसत्या शाळेने सुटणार नाही हे ओळखिले. मंडळीच्या हेतूंत त्यांनी शिक्षणाबरोबरच कामधंदा मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि शील व नागरिकत्व यांचा प्रसार करणे ही कामे घातली. मुलगा शाळेत का आला नाही हे वर्गात बसून कळत नाही, त्याच्या खोलीवर जाऊन कळते. म्हणून निराश्रित सेवासदन नावाची शाखा काढून स्त्रियांनी घरोघर जावे, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, आयांशी बोलावे, अशी योजना त्यांनी केली. ह्या कामावर कोण आले? जनाक्का. सासरी जिला कोणी विचारले नाही, ती आता परळच्या चाळींतून फिरू लागली. घरच्या इतर मंडळींनीही हाच मार्ग धरिला. सय्यद अब्दुल कादर हे व त्यांच्या पत्नी कल्याणीबाई याही ह्या कामास मिळाल्या. एक मराठा कुटुंब, एक मुसलमान नावाचा शिक्षक, प्रार्थनासमाजाचे ब्राह्मण सभासद आणि महार, चांभार, भंगी यांची मुले एका छपराखाली बसू लागली, हे त्या काळच्या मुंबईसही नवेच होते. लोकांनी नावे ठेविली. स्वजातीयांनी ठेविली ती अधिक झोंबणारी होती, कारण मराठा कुळातील पदवीधर मुलगा, ज्याने मामलेदार व्हावयाचे, तो महारवाड्यात जाऊन बसला हे त्यांस उमगेना.

परळाच्या मागोमाग मुंबईतच मदनपुरा, कामाठीपुरा व शहराचा केरकचरा जेथे टाकीत त्या देवनार येथे शाळा निघाल्या. देवनारची शाळा आमच्या मते ह्या सर्वांत मोठी, मग तिच्या पटावर मुले कितीही थोडी असोत. ज्या माणसांस शहर आपली घाण उपसावयास सांगते व मग त्यांच्याकडे पाठ फिरविते, त्यांच्या मुलांपाशी मास्तर चालत गेला. मास्तर मिळविणे हेच अवघड होते. स्पृश्य मास्तर यावयास तयार नसे, आणि अस्पृश्यांत शिकलेले थोडे. म्हणून मंडळीस वसतिगृहे काढून आपले मास्तर आपणच घडवावे लागले.

१९०८ साली पुण्यास लष्करात शाखा निघाली. तिचे अध्यक्षपद शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पत्करिले. हुबळीकडे काम सुरू झाले. मंगळूरास कुद्मुल रंगराव यांनी आधीपासून चालविलेल्या कामाशी नाते जुळले. १९१२ पर्यंत मंडळीच्या २३ शाळा, ५५ शिक्षक, ५ वसतिगृहे व सुमारे १,१०० मुले झाली होती. मध्यंतरी, १९१० साली, शिंदे यांचा प्रार्थनासमाजाच्या प्रचारकपदाशी असलेला संबंध मतभेदामुळे सुटला, आणि ठरलेली मिळकतही गेली. पुढे त्यांनी आपले ठाणे पुण्यास हलविले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी २०,००० रुपये दिले, त्यातून नाना पेठेत अहल्याश्रम उभा राहिला. होळकरांच्या पूर्वज अहल्याबाई यांचे नाव त्यास दिले. तेथे शाळा, वसतिगृह व कार्यकर्त्यांची घरे एकत्र होती.

शाळा काढीत गेल्याने सर्व मुलांस शिक्षण मिळणार नाही, त्यास कायदा पाहिजे, हेही ह्याच सुमारास देशात अनेकांस पटू लागले होते. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे शिक्षण सुरू केले. नामदार गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कौन्सिलात बिल आणिले ते पुढच्या वर्षी नापास झाले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील म्युनिसिपालिट्यांस सक्ती करण्याची परवानगी मिळाली. तेव्हा १९२० साली पुण्यात मोठा वाद माजला. मुलांस सक्ती करावी, मुलींचे पैसे हाती आले म्हणजे पाहू, असे एका बलाढ्य पक्षाचे म्हणणे होते. शिंदे यांनी मुलगे व मुली यांस एकदमच सक्ती असावी हा पक्ष घेतला, व त्यासाठी सभा व मिरवणुका काढून पुष्कळ शिव्याशाप सोसले. ज्यांनी जनाक्काची हकीकत ध्यानात ठेविली असेल त्यांस ह्याचे आश्चर्य वाटणार नाही.

राजकारणात मात्र त्यांस यश आले नाही, किंबहुना ते मिळविण्याची हातोटीच त्यांच्याजवळ नव्हती. १९१७ च्या कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. १९१८ च्या मार्चमध्ये सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली मुंबईस अस्पृश्यतानिवारणाची परिषद त्यांनी भरविली. परंतु कौन्सिलच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखून ठेविलेली जागा त्यांस सहज मिळाली असती, ती त्यांनी जातीच्या नावाने मते नकोत म्हणून नाकारिली, सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले, आणि पडले. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे त्यांची साक्ष झाली व तरुण भीमराव आंबेडकर यांचीही झाली. दोघांची मते जुळली नाहीत. आंबेडकरांचे म्हणणे असे की आमची गाऱ्हाणी आम्हीच मांडू, आमच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये. हे म्हणणे हळूहळू मंडळीच्या शाळांतून शिकून निघालेल्या तरुणांतही पसरले. वसतिगृहात जेवून मोठी झालेली मुले आता कारभारात वाटा मागू लागली.

येथे शिंदे यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग येतो, असे आम्हांस वाटते. सतरा वर्षे ज्याने एक संस्था दारोदार भिक्षा मागून वाढविली, बहिणीस, घरास तीत गोवले, त्यास ती मागितली गेली, आणि मागणाऱ्यांच्या बोलण्यात कृतज्ञतेपेक्षा संशय अधिक होता. संस्था सोडू नये यास कारणे पुष्कळ सांगता आली असती. हिशेब नीट राहणार नाहीत, देणगीदार पाठ फिरवितील, तरुण अननुभवी आहेत. हीच कारणे आमच्या मंडळ्यांतूनही, कारभार परदेशी बंधूंच्या हातून एतद्देशीयांच्या हाती यावयाच्या वेळी, आम्ही ऐकिली आहेत, आणि ती अगदीच खोटी होती असेही नाही. शिंदे यांनी १९२३ साली मंडळीचा कारभार अस्पृश्यांच्या प्रतिनिधींकडे सोपविला व ते बाजूस झाले. मनास लागले नसेल असे नव्हे. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात त्या दिवसांचा कडवटपणा लपलेला नाही. परंतु शाळा काढितानाच तिची मालकी शेवटी कोणाची हे ज्यास ठाऊक असते त्यासच ती वेळेवर सोडता येते. आम्हांस त्यांच्या १९०६ सालच्या कृत्यापेक्षा १९२३ सालचे कृत्य अधिक मोठे वाटते, जरी त्याचा समारंभ कोणी केला नाही.

त्यानंतर वीस वर्षे ते जगले. १९२४ साली ब्राह्मसमाजाचे प्रचारक म्हणून मंगळूरास राहिले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन तेथील बहिष्कृत लोकांची स्थिती त्यांनी पाहिली. १९३० च्या कायदेभंगात, सत्तावन्न वर्षांचे असता, सहा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा येरवड्यास भोगिली व तुरुंगातून प्रकृती बिघडवून घेऊन बाहेर आले. १९३३ साली त्यांचे भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाली ग्रंथांपासून खेड्यातील वतनांपर्यंत शोध करून लिहिलेला असा ग्रंथ मराठीत त्यापूर्वी नव्हता. शेवटची वर्षे पुण्यास दुखण्यात व तंगीत गेली. खेड्यातील शेतकऱ्यांच्या परिषदांस मात्र बोलावणे आले की ते जात, आणि शाळेचा विषय काढिल्यावाचून परतत नसत. १९४४ च्या जानेवारीच्या २ ऱ्या तारखेस पुण्यास त्यांचा अंत झाला. परळच्या शाळेत प्रथम पाटी धरिलेली मुले तोपर्यंत पन्नाशीच्या घरात पोहोचली होती, व त्यांची नातवंडे शाळेत जाऊ लागण्याचे दिवस आले होते.